जोडीदाराला न कळता अंगठीचं माप: पट्टीवाला सायझर, रिंगांचा जुडगा, मँड्रेल, व्हर्नियर, ॲप, सगळं वापरून बघितलं

सरळ मुद्द्यावर येते. त्याच्यासाठी अंगठी करायची होती, त्याला आधी कळू द्यायचं नव्हतं, आणि त्याच्या त्या बोटाचं माप मला माहीत नव्हतं. शोधायला गेलं की सगळीकडे तेच तेच सल्ले मिळतात, झोपेत दोरा गुंडाळा, एखादी अंगठी हळूच उचला, साबणावर उमटवा, पण यातलं काय किती अचूक येतं हे कोणी मोजून सांगत नाही. म्हणून मी माप घ्यायची जी साधनं मिळतात ती मागवली, एक-दोन मैत्रिणीकडून उसनी आणली, आणि सगळी एकाच अंगठीवर आणि शक्य तिथे एकाच बोटावर लावून बघितली. ब्रँडची नावं देत नाहीये, कारण या वस्तू वेगवेगळ्या नावांनी विकल्या जातात आणि आत माल बहुतेक सारखाच असतो. प्रकार कुठला घ्यायचा हे खरं महत्त्वाचं.

साधनांकडे जायच्या आधी एक आकडा डोक्यात पक्का करा, नाहीतर पुढचं सगळं वाचून उपयोग नाही. अमेरिकन स्केलवर एक पूर्ण नंबर म्हणजे अंगठीच्या आतल्या व्यासात साधारण ०.८ मिमीचा फरक, आणि घेरात अडीच मिमीच्या आसपास. अर्धा नंबर म्हणजे व्यासात फक्त ०.४ मिमी, आपल्या नखाच्या जाडीएवढा. एवढ्याशा फरकाने अंगठी एक तर सांध्यावर अडकते नाहीतर हात झटकला की घसरते. त्यामुळे 'अंदाजे चालेल' म्हणून जी पद्धत कोणी सांगेल तिला आधी विचारा की यात ०.४ मिमीची चूक होऊ शकते का. बहुतेक घरगुती पद्धतींमध्ये होते, आणि आरामात होते.

दुसरं म्हणजे नंबर. नंबर या प्रकारावर माझा अजिबात विश्वास राहिलेला नाही. एकच अंगठी घ्या, आतला व्यास साधारण १९.८ मिमी. ती अमेरिकेत १० नंबरची, ब्रिटनमध्ये टी आणि यूच्या मधली, म्हणजे साडे-टी, आयएसओ या आंतरराष्ट्रीय पद्धतीत ६२, आणि भारतीय चार्ट बघितला तर साधारण २२. जपानचं आणखी वेगळं. आता कोणी नुसतं 'दहा नंबर' म्हणून ऑर्डर दिली आणि समोरच्याने दुसऱ्या स्केलवरचा दहा धरला तर अंगठी बोटाच्या टोकापाशीच अडकणार. त्यात परत निरनिराळ्या दुकानांचे रूपांतराचे चार्ट एकमेकांशी तंतोतंत जुळतातच असं नाही, पाव-अर्धा नंबर इकडेतिकडे. आयएसओ ८६५३ हे स्टँडर्ड मला सगळ्यात शहाणं वाटलं कारण त्यात नंबर म्हणजेच आतला घेर, मिलिमीटरमध्ये, बाकी काही लक्षात ठेवायचंच नाही. ६२ म्हणजे ६२ मिमी घेर. तुम्ही कुठलंही साधन वापरा, शेवटी वहीत लिहायचे ते मिलिमीटर लिहा, व्यास की घेर तेही शेजारी लिहा, आणि नंबर पाहिजेच असेल तर ज्याच्याकडून अंगठी घेताय त्यालाच त्यावरून काढू द्या.

आता साधनं. मला सगळ्यात जास्त उपयोगी पडला तो सगळ्यात स्वस्त आणि दिसायला सगळ्यात फालतू प्रकार, प्लॅस्टिकचा पट्टीवाला सायझर. छोटी लवचीक पट्टी असते, एका टोकाला बकलासारखी खाच, दुसरं टोक त्यातून ओढायचं की अंगठीचा गोल तयार होतो आणि बाणासमोर नंबर दिसतो. पट्टी अरुंद असते, पाकिटात मावते, आवाज करत नाही. आणि याचा खरा फायदा अचूकतेत नाहीच, तो यात आहे की ही वस्तू बघून कुणाला संशय येत नाही. मी ती 'मला स्वतःला ऑनलाइन अंगठी घ्यायचीय, माप कळत नाहीये' म्हणून उघडपणे मागवली, टेबलावर ठेवली, त्याच्यासमोर माझ्या बोटांना लावून बघितली, आणि तुझं किती येतं बघू म्हणून पट्टी पुढे केली. त्याने स्वतःच सगळ्या बोटांना लावून बघितली, आणि मला पाहिजे त्या बोटाचा आकडा मी फक्त ऐकला. लपवाछपवी काही नाही, आणि सरप्राइज शाबूत.

यावरून माझं एक ठाम मत झालंय आणि ते आत्ताच सांगून टाकते. गुपचूप अंगठी मोजण्यापेक्षा, दुसऱ्या कारणाने का होईना पण उघडपणे बोट मोजा. अंगठी मोजली तर ती अंगठी त्या बोटात नीट बसते की नाही हे आपण गृहीत धरत असतो. कितीतरी लोक सैल अंगठी वर्षानुवर्षं तशीच घालतात, किंवा घट्ट झालेली काढता येत नाही म्हणून ठेवतात. बोट मोजलं की हा प्रश्नच उरत नाही. आणि गुप्त काय ठेवायचं तर कारण, मोजण्याची क्रिया नव्हे.

पट्टीचे दोषही आहेत. एक, ती मऊ असल्यामुळे माणूस नकळत जास्त घट्ट ओढतो आणि मांसल बोटावर अर्धा नंबर कमी येऊ शकतो. दोन, सांध्यावरून काढताना बकल हळूच सरकतं, म्हणजे आपण समजतो की त्याच मापाने निघाली पण प्रत्यक्षात पट्टी मोठी झालेली असते. म्हणून बोटात असतानाच आकडा वाचायचा, मग ती काढायची, आणि काढल्यावर आकडा परत बघायचा, बदलला असेल तर सांधा बुडापेक्षा जाड आहे हे समजायचं. त्याच्या बाबतीत नेमकं हेच निघालं आणि ते कळलं म्हणून फार बरं झालं, कारण बुडाशी घेतलेल्या मापाची अंगठी त्या सांध्यावरून गेलीच नसती. अशा बोटाला सांध्याचं माप वेगळं आणि बुडाचं वेगळं घ्यायचं आणि अंगठी दोन्हींच्या मधल्या मापाची करायची, म्हणजे सांध्यावर थोडा जोर लागतो पण जाते, आणि खाली गेल्यावर फार गरगरत नाही.

रिंगांचा जुडगा, म्हणजे सोनारांकडे एका मोठ्या कडीत ओवलेल्या नंबर टाकलेल्या पुष्कळ रिंगा असतात तो. अचूकतेच्या बाबतीत माझ्या मते हा पहिला. रिंग ताणत नाही, दबत नाही, बोटात गेली तर गेली, नाही तर नाही, सांध्याची परीक्षा आपोआप होते. यात धातूचे आणि प्लॅस्टिकचे दोन्ही मिळतात. मी दोन्ही व्हर्नियरने, म्हणजे जबड्यांमध्ये धरून बारीक माप घ्यायच्या कॅलिपरने, तपासले, धातूच्या रिंगा लिहिलेल्या मापाला बऱ्यापैकी धरून होत्या, प्लॅस्टिकच्यांमध्ये काही ठिकाणी आतल्या बाजूला साच्याची बारीक धार राहिली होती आणि तेवढ्याने माप लहान वाटत होतं. घेताना अर्ध्या नंबरांसकट असलेला सेट घ्या, फक्त पूर्ण नंबरांचा घेऊन काही अर्थ नाही. आणि बघा की रिंगा किती रुंद आहेत. बहुतेक जुडगे अरुंद रिंगांचे असतात, तुमची अंगठी रुंद पट्टीची असेल तर रुंद रिंगांचा जुडगा वेगळा मिळतो, तोच घ्या.

पण जुडग्याची अडचण उघड आहे. हा सहज म्हणून घरात कोणाकडे नसतो. टेबलावर दिसला की समोरच्याला कळतं काय चाललंय. आणि धातूचा असेल तर कपाटातून काढताना खणखणतो. त्यामुळे हा तुमच्या हातात असून उपयोग नाही, तिसऱ्याच कुणाच्या तरी हातात पाहिजे. त्याचा मित्र, तिची बहीण, कुणीतरी ज्याला स्वतःची अंगठी करायची आहे असं सांगता येईल आणि जो चार जणांत जुडगा काढून सगळ्यांना बोटं घालायला लावेल. चार-पाच जणांची मापं निघाली की त्यात एकाचं काय वेगळं वाटणार. फक्त त्या माणसाला आधी नीट सांगून ठेवा की कुठला हात आणि कुठलं बोट, कारण गडबडीत लोक मधलं बोट मोजून येतात. आणि असा माणूस निवडा ज्याच्या पोटात गोष्ट राहते, हे साधनापेक्षाही महत्त्वाचं.

आता समजा बोट मिळणारच नाहीये. दोघं वेगळ्या गावात राहता, किंवा ती इतकी हुशार आहे की पट्टी बघितल्याबरोबर ओळखेल. मग तिची एखादी अंगठी थोड्या वेळासाठी घेणं एवढाच रस्ता. इथे पहिली अट, ती अंगठी ज्या बोटात घालायची त्याच बोटातली, त्याच हाताची असली पाहिजे. मधलं बोट अनामिकेपेक्षा बहुतेकांचं जाड असतं, आणि ज्या हाताने आपण काम करतो त्या हाताची बोटं दुसऱ्यापेक्षा किंचित जाड असतात. 'मधल्या बोटाचं माप घ्या आणि एक नंबर कमी करा' असे नियम वाचायला मिळतात, त्यांच्या नादी लागू नका, प्रत्येकाचा हात वेगळा. आधी काही दिवस नुसतं बघा की ती अंगठी कुठल्या बोटात रोज असते आणि ती काढताना कशी निघते, सुळकन की फिरवून फिरवून. फिरवून निघत असेल तर माप बरोबर आहे. सुळकन येत असेल तर अंगठी मोठी आहे आणि तिचं माप जसंच्या तसं धरायचं नाही.

हातात आलेली अंगठी मोजायला व्हर्नियर कॅलिपर, मला तरी याच्यापेक्षा चांगलं काही सापडलं नाही. साधा व्हर्नियर ०.०२ मिमीपर्यंत वाचता येतो, डिजिटल ०.०१ दाखवतो, आपल्याला ०.४ मिमीत खेळायचंय म्हणजे भरपूर झालं. वरच्या बाजूचे दोन छोटे जबडे आतला व्यास मोजायचे असतात, ते अंगठीत घालायचे, हळूच उघडायचे, आणि अंगठी थोडी थोडी फिरवून तीन-चार दिशांनी माप घ्यायचं, कारण रोज घातलेली अंगठी पूर्ण गोल क्वचितच राहते. सरासरी काढायची. डिजिटल असेल तर जबडे बंद केल्यावर शून्य दाखवतोय का आणि तो मिमीवर आहे का इंचावर हे आधी बघा. आणि सोनं मऊ असतं, स्टीलच्या जबड्याचा ओरखडा उठू शकतो, जोर अजिबात लावू नका, किंवा प्लॅस्टिकचा कॅलिपर घ्या. सगळं मिळून अगदी थोडा वेळ लागतो, ती आंघोळीला गेली तेवढ्यात अंगठी परत जागेवर. जागेवर म्हणजे अगदी त्याच जागेवर आणि त्याच बाजूला खडा करून, माणसांना आपल्या वस्तू कशा ठेवल्या होत्या ते आठवत असतं.

मँड्रेल, म्हणजे निमुळती होत गेलेली सळई, त्यावर नंबरांच्या रेघा असतात, अंगठी वरून सोडायची आणि जिथे थांबते तिथला नंबर. सोनार हेच वापरतात म्हणून मला फार अपेक्षा होती. वस्तू चांगली आहे, ॲल्युमिनियमची हलकी असते, स्टीलची जड पण टिकाऊ. पण एक मोठा घोळ आहे. रेघ कुठे वाचायची? अंगठीची खालची कड, म्हणजे सळईच्या जाड टोकाकडची, की अंगठीच्या पट्टीचा मध्य? काही सळया एका पद्धतीने धरून बनवलेल्या असतात, काही दुसऱ्या, आणि पाकिटावर बरेचदा लिहिलेलंच नसतं. बारीक अंगठीला फरक पडत नाही, पण ८ मिमी रुंद पट्टीच्या अंगठीला या एका गोष्टीमुळे पाव ते अर्धा नंबर इकडेतिकडे होतो. शिवाय खड्याचं बूड आत आलेलं असेल तर अंगठी सळईवर नीट बसत नाही, त्यासाठी खोबण असलेली सळई वेगळी मिळते. घरगुती कामाला मी मँड्रेल सुचवणार नाही, व्हर्नियर घ्या, तो नंतरही दहा कामांना येतो.

काहीच विकत घ्यायचं नसेल तर कागदाची सुरळी. ही पद्धत मला मनापासून आवडली. साधा पातळ कागद, सुरळी करून अंगठीत घालायचा, सोडायचा, तो आतून उघडून अंगठीला चिकटतो, मग जिथे कड येते तिथे चिकटपट्टी लावायची आणि अंगठी काढून घ्यायची. सुरळीचा घेर तोच अंगठीचा आतला घेर, निवांत उलगडून मोजा. कागद पातळ असल्यामुळे चूक नगण्य. याच्या तुलनेत अंगठी कागदावर ठेवून आतून पेन्सिलीने गोल काढणं दिसायला सोपं पण फसवं, कारण पेन्सिलीच्या टोकाला स्वतःची जाडी असते. ०.५ मिमीच्या शिशाने काढलेला गोल रेघेच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजला तर तेवढ्यातच व्यास अर्धा मिमी कमी आला, म्हणजे अर्धा नंबर गेला. काढायचाच असेल तर पेन्सिल सरळ उभी धरा आणि रेघेच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजा.

दोऱ्याबद्दल जरा विस्ताराने सांगते कारण सगळ्यात जास्त सल्ला याचाच मिळतो. दोरा गुंडाळला की त्याची स्वतःची जाडी मापात येते. १ मिमी जाडीचा दोरा घेतला तर तो बोटाच्या बाहेरून फिरतो, त्याच्या मधोमधचा गोल बोटापेक्षा १ मिमी जास्त व्यासाचा होतो, आणि लांबीत त्याचे ३.१ मिमी जास्त येतात. एका पूर्ण अमेरिकन नंबरापेक्षा जास्त! उलट तो ओढून घट्ट बांधला की बोट दबतं आणि माप कमी येतं. म्हणजे दोन्ही बाजूंनी चुका आणि कुठली किती झाली कळायला मार्ग नाही. त्यात दोरा सांध्याबद्दल काहीच सांगत नाही. आणि हे सगळं झोपलेल्या माणसाच्या अर्धवट मिटलेल्या मुठीत करायचं. बारीक कागदी पट्टीने केलं तर जाडीची चूक तरी जाते, पण मी झोपेतला प्रकारच करू नका म्हणेन. जाग आली तर काय सांगणार? आणि ज्याच्यासाठी एवढ्या प्रेमाने काही करतोय त्याला दचकवून कशाला सुरुवात करायची.

साबणात किंवा मातीत अंगठी दाबणे: ठसा उमटतो पण त्याची कड दबून पसरते, आणि खड्याच्या कोंदणात साबण जाऊन बसतो तो निघत नाही. सोडून द्या.

मोबाईल ॲप आणि वेबसाइटवरचे गोल. स्क्रीनवर गोल दाखवतात, अंगठी त्यावर ठेवायची, गोल लहान-मोठा करत आतल्या कडेला जुळवायचा. ज्या ॲपमध्ये आधी बँकेचं कार्ड स्क्रीनवर ठेवून मोजमाप जुळवायला सांगतात तीच वापरा. कार्डांचं माप जगभर ठरलेलं आहे, ८५.६० बाय ५३.९८ मिमी, त्यामुळे तुमच्या फोनची स्क्रीन कितीही इंचांची असो, स्केल बरोबर लागतो. हे जे ॲप करत नाही ते आपल्या फोनचा अंदाज स्वतःच बांधत असतं. मी दोन्ही प्रकार बघितले, कार्डवाल्याचं माप व्हर्नियरच्या पुष्कळ जवळ आलं, दुसऱ्याचं नाही. अडचण एवढीच की फोनवर जाड काच लावलेली असेल तर अंगठी आणि गोल यांच्यात अंतर पडतं, तिरकं बघितलं की गोल सरकल्यासारखा दिसतो, म्हणून एक डोळा मिटून बरोबर वरून बघायचं. मोठा खडा असेल तर अंगठी आडवी ठेवल्यावर एका बाजूला कलते, तेव्हा हा नाद सोडा. आणि प्रिंट काढायचे तक्ते असतात ते प्रिंट करताना १०० टक्क्यांवर करा, पानात बसवण्याचा पर्याय बंद, मग कागदावर दिलेली पट्टी खऱ्या पट्टीशी ताडून बघा, आणि मगच अंगठी ठेवा.

एवढं सगळं अचूक करूनही एक गोष्ट आपल्या हातात नसते, बोट स्वतःच बदलतं. उन्हाळ्यात, व्यायामानंतर, जास्त खारट खाल्ल्यावर सुजतं, थंडीत आकसतं, गरोदरपणात बरंच वाढू शकतं. म्हणून बोट मोजताना संध्याकाळी, साध्या हवेत, निवांत बसलेलं असताना मोजा, आणि जमलं तर दुसऱ्या एखाद्या दिवशी परत. पट्टीवाल्या सायझरचा मला इथेही फायदा झाला, तो घरातच पडून होता त्यामुळे कारण न काढता परत लावून बघता आला.

मग अंगठीचा प्रकार. हे माप घेतल्यानंतर येतं असं लोकांना वाटतं पण ते आधी ठरवायला पाहिजे. रुंद पट्टीची अंगठी बोटाचा जास्त भाग धरते म्हणून ती घट्ट लागते, ६ मिमीच्या वर गेलात की पाव ते अर्धा नंबर मोठी घ्यावी लागते. आतून गोलाई दिलेली कम्फर्ट फिट असेल तर ती उलट सांध्यावरून सहज जाते आणि थोडी सैल वाटते. म्हणजे अरुंद पट्टीवर घेतलेलं माप रुंद अंगठीला जसंच्या तसं लावायचं नाही.

आणि धातू. सोन्याचं, प्लॅटिनमचं, चांदीचं साधं वेढणं थोडंफार लहान-मोठं करता येतं. टंगस्टन कार्बाइड आणि सिरॅमिकची अंगठी लहान-मोठी होतच नाही, टायटॅनियमची फार अवघड आणि झाली तरी किंचित. पूर्ण गोलाभोवती खडे असलेल्या अंगठीलाही कापून जोडायला जागाच नसते. ओपल, मोती, पाचू यांना उष्णता सोसत नाही, त्यामुळे अशी अंगठी वाढवायची असेल तर कारागिराला ते आधी सांगावं लागतं. त्याला टंगस्टनचा करडा रंग आवडतो हे मला माहीत होतं, मनातून तीच घ्यायची होती, पण माप चोरून घेतलेलं असताना जी अंगठी बदलता येत नाही ती घेणं मला पटलं नाही. जिथे घेताय तिथे बदलून देतात का, किती दिवसांत, घातलेली चालते का, हे पैसे देण्याआधी विचारा आणि लिहून घ्या. एका ठिकाणी मला 'बघू नंतर' असं उत्तर मिळालं, मी तिथून घेतली नाही.

दोन मापांच्या मध्ये अडकलात तर मोठं घ्या. किंचित मोठी अंगठी त्या क्षणी बोटात जाते, आत सिलिकॉनचा छोटा तुकडा किंवा रिंग गार्ड लावून ती तात्पुरती घट्ट करता येते, पुढे नीट करून घेता येते. लहान अंगठी सांध्यावर अडकली की सगळ्यांसमोर ओढाताण होते, आणि जोर करून घातली तर बोट सुजून काढायची पंचाईत. आणि अगदीच माप मिळालं नाही तर मापाच्या मागे लागून तारीख पुढे ढकलू नका, एखादी साधी, मागून उघडी असलेली, वाकवून लहान-मोठी होणारी अंगठी द्या आणि खरी दोघांनी मिळून करायला जा. माझ्या एका जवळच्या मैत्रिणीला अशीच मिळाली, आणि तिला पुढे अंगठी स्वतः निवडायला मिळाली याचाच जास्त आनंद झाला.

ऑर्डर देताना मी कागदावर एवढं लिहून दिलं: बुडाशी घेर इतका मिमी, सांध्याशी इतका, मापाची पट्टी अरुंद होती, अंगठी इतकी रुंद पाहिजे, आतून गोलाई पाहिजे, आणि तयार झाल्यावर आतला व्यास कॅलिपरने मोजून दाखवा. कारागिराने नंबर विचारलाच नाही, या आकड्यांवरून त्याने स्वतःच काढला. अंगठी सांध्यावर थोडी थांबली, मग गेली, आणि हात झटकल्यावर जागेवर राहिली. आत नाव-तारीख कोरायचं काम मात्र तेव्हा मुद्दाम केलं नव्हतं, कारण अंगठी लहान-मोठी करताना ती कापून जोडतात आणि कोरलेली अक्षरं तिथे तुटू शकतात. ते त्याने काही आठवडे घालून बघितल्यावर, माप पक्कं झाल्यावर केलं, आणि काय कोरायचं ते त्यानेच सांगितलं.